पहिले तीन रोल

“दोन राहिलेत अजून, कुणाचे तरी काढून टाक.”

साताऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फोटो स्टुडिओ होता. दहावीच्या सुट्टीत मी तिथे काउंटरवर बसायचो, तेव्हा हे वाक्य रोज चार वेळा कानावर पडायचं. बारसं, लग्न, महाबळेश्वरची सहल असं करत रोल चौतीसपर्यंत यायचा आणि उरलेल्या दोन फोटोंसाठी अडून बसायचा. दोन फोटो वाया घालवायला कुणी तयार नसे. मग स्टुडिओचे अण्णा कॅमेरा हातात घ्यायचे, गिऱ्हाइकालाच बाहेरच्या पायरीवर उभं करायचे आणि दोन वेळा खटका दाबून रोल काढून घ्यायचे. प्रिंट हातात आल्या की गंमत कळायची. सहलीचे चौतीस फोटो ताठ, आणि पायरीवरचे ते दोन एकदम मोकळे.

पुढे सगळ्यांसारखा मीही मोबाइलवर आलो. चार वर्षांपूर्वी मोबाइलची जागा भरली म्हणून फोटो पुसायला बसलो, तर अकरा हजार निघाले. त्यातले किती काढल्याचं आठवत होतं? फारच थोडे. त्याच आठवड्यात माळ्यावरचा कॅमेरा खाली आला.

ज्यांनी आयुष्यात कधी रोल भरलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. मोबाइल वाईट आणि फिल्म थोर, असलं मला काही म्हणायचं नाही. मला एवढंच दिसलंय की उजेड स्वतःच्या डोळ्यांनी ओळखता यायला लागला की फोटो काढण्यातली मजा परत येते, आणि ते शिकायला तीन रोल पुरतात. एक कॅमेरा, एक लेन्स, एकाच जातीचे तीन रोल. तिसरा रोल धुवून होईपर्यंत दुसरं काही विकत घ्यायचं नाही. ही अट मोडायची इच्छा दुसऱ्याच आठवड्यात होते, तेव्हा आधीच सांगून ठेवतो.

खर्चाचंही आधीच बोलून घेऊ. माझ्या मागच्या रंगीत रोलला ११०० रुपये पडले, धुणं आणि स्कॅन ५००, कुरिअर ९०. छत्तीस फोटोंत भागलं तर एका फोटोला ४७ रुपये. एका वडापावाला किती पडतात ते तुम्हाला माहीत आहे. खटका दाबण्याआधी हात थांबतो तो या हिशेबानेच.

कॅमेरा: आधी माळा, मग बाजार

आधी घरात शोधा. मामाकडे, काकांकडे, शेजारच्या निवृत्त गुरुजींकडे विचारा. कपाटातून बहुतेक आगफाचा ‘क्लिक थ्री’ कॅमेरा निघतो. छान खेळणं आहे, पण त्याला १२० नंबरचा रुंद रोल लागतो आणि त्यात बाराच फोटो बसतात. शिकायला ३५ मिमीच्या रोलचा, हाताने सगळं लावता येणारा एसएलआर (लेन्समधूनच समोरचं बघता येतं असा कॅमेरा) बरा: पेंटॅक्स के-१०००, निकॉन एफएम-१०, याशिका एफएक्स-३ अशापैकी कुठलाही. सोबत ५० मिमीची लेन्स असली की झालं.

के-१००० हा १९७६ ते १९९७ इतकी वर्षं बनत राहिला, त्यामुळे अजूनही सापडतो. त्याचं शटर, म्हणजे फिल्मपुढचा उघडमीट करणारा पडदा, पूर्ण यांत्रिक आहे. बटणासारखा एक छोटा सेल लागतो तो फक्त मीटरला, म्हणजे आतल्या उजेड मोजणाऱ्या काट्याला. सेल संपला तरी फोटो निघतात. त्याला मीटर बंद करायचं बटणच नाही. लेन्सवर झाकण लावणं हाच त्याचा स्विच. झाकण विसरलात की सेल खलास. याउलट कॅनन एई-१ सेलशिवाय हलतसुद्धा नाही. म्हणजे तो वाईट असं नाही, पण विकणारा “फक्त सेल नाहीये, बाकी टकाटक” म्हणाला तर सेल घालून दाखवल्याशिवाय पैसे काढू नका.

विकत घ्यायचा तर मुंबईत फोर्टातला बोरा बाजार आणि चोर बाजार, पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार. जाताना खिशात एक टॉर्च ठेवा. मागचं झाकण उघडा, कॅमेरा उजेडाकडे धरा आणि शटर १/१००० सेकंदावर, मग १/६० वर, मग एक सेकंदावर मारून बघा. तिन्ही आवाज वेगवेगळे यायला हवेत, आणि एक सेकंद म्हणजे खरोखर “एक” म्हणण्याएवढा वेळ पडदा उघडा दिसायला हवा. जुन्या कॅमेऱ्यांत हे हळू वेगच आधी अडकतात. मग लेन्स काढून मागून टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या निम्म्या लेन्समध्ये ती असते असं मला वाटायला लागलंय. कडेला एखादा ठिपका असेल तर चालवून घ्या. जाळं मधोमध असेल तर सोडून द्या. सेलच्या खोबणीत हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका, व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने ती निघते. मागच्या झाकणाच्या कडेचा काळा स्पंज मात्र बोटाला डांबरासारखा चिकटला तर तो बदलावाच लागेल, नाहीतर तिथून उजेड आत शिरतो आणि प्रत्येक फोटोवर भगवा पट्टा येतो.

रोल कोणता

४०० आयएसओ. आयएसओ म्हणजे फिल्म उजेड किती चटकन टिपते त्याचं माप; जुने लोक याला ‘चारशे एएसए’ म्हणतात. दुपारचं ऊन ते खिडकीजवळचा उजेड एवढं सगळं त्यात निभतं. कृष्णधवलमध्ये इलफोर्डचा एचपी-५ प्लस किंवा कोडॅकचा ट्राय-एक्स, रंगीतमध्ये कोडॅकचा अल्ट्रामॅक्स ४००. माझा आग्रह कृष्णधवलचा, कारण तिसरा रोल आपण घरी धुणार आहोत.

दोन गोष्टी टाळा. एक, मुदत संपलेला रोल. “व्हिंटेज इफेक्ट येतो” म्हणून तो गळ्यात मारतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दहा वर्षं दुकानाच्या काचेच्या कपाटात शिजलेल्या रोलवर काय इफेक्ट येईल ते कुणीच सांगू शकत नाही, आणि फोटो बिघडला तर चूक तुमची की रोलची हे कळायला मार्ग उरत नाही. दोन, सिनेमाच्या रिळातून कापून भरलेला स्वस्त रोल. सिनेमाच्या रंगीत फिल्मच्या पाठीवर बरेचदा काळ्या कार्बनचा थर असतो, त्याला रेमजेट म्हणतात. असा रोल नेहमीच्या लॅबच्या मशीनमध्ये गेला तर थर सुटून सगळं रसायन खराब होतं, आणि लॅबवाल्याची बोलणी खावी लागतात ती वेगळीच. नंतर कधी जरूर वापरा, पण तो धुणारी लॅब आधी शोधून.

एकेकाळी आपली सरकारी फिल्मसुद्धा होती. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’. अण्णांच्या स्टुडिओत तिच्या रिकाम्या खोक्यांत निगेटिव्ह ठेवलेल्या असत. कारखाना बंद पडला, खोकी मात्र टिकली.

रोल भरताना

या दोन मिनिटांत सगळ्यात जास्त फोटो बुडतात. सावकाश वाचा.

सावलीत उभे राहा. रिवाइंडची गुंडी वर ओढली की मागचं झाकण उघडतं. रोलची डबी डाव्या खोबणीत बसवा, गुंडी खाली दाबा. फिल्मचं बाहेर आलेलं टोक उजवीकडच्या चकतीच्या फटीत सारा. फिल्म पुढे सरकवणारा लीव्हर एकदा फिरवा आणि डोळे जवळ नेऊन बघा: फिल्मच्या दोन्ही कडांची भोकं दातऱ्यांत बसली आहेत का? एकाच बाजूची बसली असतील तर झाकण लावू नका. बसली की झाकण लावा आणि रिवाइंडची गुंडी बाणाच्या दिशेने अलगद फिरवा, जरा अडल्यासारखी लागेपर्यंत. फिल्म आता ताठ झाली. मग लीव्हर फिरवून रिकामा खटका, असं दोनदा. हे करताना डोळे त्या गुंडीवर. लीव्हर फिरला की गुंडी उलटी फिरलीच पाहिजे. फिरली तर फिल्म सरकतेय. नाही फिरली तर तुम्ही हवेचे फोटो काढणार आहात.

मी काढलेत. भाच्याच्या मुंजीत. छत्तीस झाले तरी लीव्हर आपला फिरतोय म्हणून मी खूश, की रोलमध्ये चार जास्तीचे बसले वाटतं. घरी येऊन रिवाइंड करायला लागलो तर गुंडी दोनच फेऱ्यांत सैल. टोक चकतीत अडकलंच नव्हतं. भिक्षावळ, मातृभोजन, बटूचं मुंडण, काही म्हणजे काही नाही. बहिणीने वर्षभर ऐकवलं. म्हणून नियम असा की घरचं कार्य पहिल्या तीन रोलांवर कधीच घ्यायचं नाही.

झाकण लावल्यावर आयएसओची चकती ४०० वर आणा. रोलच्या डबीचा कागदी तुकडा फाडून कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटवा, म्हणजे आठ दिवसांनी “आत काही आहे का?” म्हणून झाकण उघडायचा मोह होणार नाही. रोल संपला की लीव्हर अडतो. जोर लावू नका. तळाचं छोटं बटण दाबा, गुंडीची काडी बाहेर काढा आणि फिरवत राहा. शेवटी एक हलका झटका लागून सगळं सैल होतं. त्यानंतरच झाकण उघडायचं.

पहिला रोल: मीटरच्या बोटाला धरून

एक छोटी वही घ्या. नंबर, शटर, ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं तो ‘एफ’चा आकडा; आकडा मोठा तितकं भोक लहान), उजेड कसा होता, एवढंच. माझ्या वहीतली ओळ अशी: “७ – १/२५० – एफ ८ – ढगाळ – भाजीवाल्या मावशी.” मोबाइल हे सगळं आपोआप नोंदवतो म्हणून आपण ते कधी बघत नाही. हाताने लिहिलेलं बघितलं जातं.

पहिले सहा फोटो मुद्दाम खर्ची घाला. ओट्यावरची चपलांची रांग, सावलीतली सायकल, काहीही न हलणारं. मीटर सांगेल तसा एक. मग ॲपर्चर किंवा शटर बदलून एक स्टॉप जास्त उजेड, दोन स्टॉप, तीन स्टॉप. मग एक स्टॉप कमी, दोन स्टॉप कमी. स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा करणं. शटर १/१२५ वरून १/६० वर आणलं की एक स्टॉप वाढला. रोल धुवून आला की दिसेल: जास्त उजेडाचे तिन्ही फोटो कसेबसे का होईना सांभाळले जातात, कमी उजेडाचे मात्र चिखल होतात. डिजिटलमध्ये आपण पांढरं फुटू नये म्हणून जपतो. निगेटिव्हमध्ये सावली बुडू नये म्हणून जपायचं. शंका आली तर उजेड एक स्टॉप जास्त द्या. स्लाइड फिल्मला, म्हणजे जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट खरं चित्र उमटतं तिला, हे लागू नाही, तिला एवढीशी चूकही खपत नाही. पण तिच्या वाटेला आत्ताच कशाला जायचं?

मीटरचा एक हट्ट असतो. समोर काहीही असो, तो त्याला मध्यम करडं समजतो. पांढरं धोतर, पांढरी टोपी, पांढरा सदरा घातलेले वारकरी चौकटभर असतील तर मीटरचा काटा सांगेल त्यात वारकरी मळके येतील. एक स्टॉप वाढवा. काळ्या पाषाणाचं हेमाडपंती देऊळ चौकटभर असेल तर उलट, काळा दगड राखाडी होईल. एक स्टॉप कमी केला तरी चालेल. माणूस आकाशाच्या पुढ्यात उभा असेल तर कॅमेरा खाली रस्त्याकडे वळवून मीटर बघा, आकडे तसेच ठेवा आणि मग चौकट लावा.

फोकससाठी मधल्या वर्तुळात दोन तुकडे झालेली रेघ जुळवायची. हाताने धरून १/६० च्या खाली सहसा जाऊ नका. उरलेले तीस फोटो एकाच ठिकाणी काढा. एक बाजार, एक घाट, एक एसटी स्टँड. मी वाईच्या घाटावर दोन सकाळी घालवल्या होत्या.

दुसरा रोल: मीटर बंद

सेल काढून ठेवा. मोबाइलमधलं मीटरचं ॲपही नको.

नियम जुना आहे. लख्ख ऊन, सावली धारदार: ॲपर्चर एफ १६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. चारशेच्या रोलला जवळचं शटर १/५००. आता शटर तिथेच ठेवा आणि जमिनीवरची सावली बघा. सावली आहे पण कडा मऊ, थंडीतल्या धुरकट सकाळसारखी: एफ ११. सावलीच पडत नाही पण आभाळ उजळ: एफ ८. आषाढातलं भरलेलं आभाळ, किंवा भर दुपारी वाड्याच्या पडवीत बसलेली आजी: एफ ५.६. सूर्य टेकतानाचा उजेड: एफ ४. घरात खिडकीजवळ १/६० आणि एफ ४ पासून सुरुवात करा. दिवाळीच्या रोषणाईत, माणसं जरा थांबवून, १/३० आणि एफ २.

एवढं पाठ करायला अर्धा तास पुरतो. अंगात भिनायला रोल लागतो. या रोलच्या चौथ्या-पाचव्या दिवशी मी बसमध्ये बसून खिडकीबाहेर “अकरा, अकरा, आठ, पाच-सहा” असं पुटपुटत होतो. शेजारचे गृहस्थ जरा सरकून बसले.

रस्त्यावरच्या फोटोंसाठी एक युक्ती. ५० मिमीची लेन्स एफ ११ वर ठेवा, फोकसचं कडं ५ मीटरवर फिरवून सोडून द्या. साधारण ३ मीटरपासून १४ मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. आता फोकसही नाही, मीटरही नाही. कॅमेरा डोळ्याला लावला की खटका.

लॅब, आणि निगेटिव्ह वाचणं

रोल संपल्यावर महिनोन्‌महिने पडू देऊ नका. धुतलेली नसते तोवर फिल्म बिघडत असते. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर कधीच नको. विमानाने जाणार असाल तर रोल सामानात टाकू नका, हातात घ्या आणि हाताने तपासायची विनंती करा. नवी सीटी स्कॅन यंत्रं एकाच फेरीत न धुतलेली फिल्म खराब करू शकतात.

लॅबला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: कृष्णधवल आहे की रंगीत, स्कॅन केवढे हवेत, आणि निगेटिव्ह परत हव्यात, सहा-सहाच्या पट्ट्या कापून. शेवटचं लिहून द्या. एका लॅबने मला स्कॅन पाठवले आणि निगेटिव्ह “कुणी मागत नाही म्हणून” टाकून दिल्या. तुमची मूळ वस्तू निगेटिव्ह आहे. स्कॅन ही तिची झेरॉक्स.

पट्टी हातात आली की खिडकीला धरा. कडेला कंपनीचं नाव आणि १, १ए, २, २ए असे आकडे छापलेले असतात. ते कारखान्यातच उजेडाने उमटवलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नाही. म्हणून निदान करायला ते उत्तम. आकडे ठसठशीत आणि चौकटी कोऱ्या, तर फिल्म सरकलीच नाही किंवा शटर उघडलंच नाही. दोष तुमचा किंवा कॅमेऱ्याचा. माझ्या मुंजीच्या रोलवर आकडे इतके सुंदर आले होते की बघवत नव्हतं. आकडे पुसट आणि चौकटीही पुसट, तर धुण्यात गडबड. आकडे ठीक पण चौकटी पातळ, काचेसारख्या पारदर्शक, तर उजेड कमी पडला. सगळी पट्टीच काळीठिक्कर असेल तर कुणीतरी झाकण उघडलं होतं. वही शेजारी ठेवून चौकट-चौकट बघा. या एका तासात मी जेवढं शिकलो तेवढं कुठल्या व्हिडिओने शिकवलं नाही.

तिसरा रोल: घरी धुणं

कृष्णधवल रोल घरी धुणं हे आमटी करण्याइतकं सोपं आहे. फक्त फोडणी अंधारात द्यायची. लागतं ते असं: झाकणाचा टँक आणि आतलं रीळ, चित्र उमटवणारं डेव्हलपर (कोडॅक डी-७६ घ्या), ते पक्कं करणारा फिक्सर म्हणजे जुन्या लोकांचा हायपो, थर्मामीटर, मोजपात्र, दोन-तीन तपकिरी बाटल्या. ही भांडी परत स्वयंपाकघरात जाणार नाहीत हे घरात आधीच जाहीर करा, आणि बाटल्यांवर नावं घालून मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.

अंधार फक्त फिल्म रिळावर चढवून टँकमध्ये घालेपर्यंत लागतो, पण तो ठार हवा. सिनेमात दिसणारा लाल दिवा कागदावर प्रिंट काढताना चालतो, फिल्मला नाही. रात्री बिनखिडकीच्या मोरीत जा, दाराच्या फटीला टॉवेल लावा आणि पाच मिनिटं नुसते बसा. पाच मिनिटांनी हात दिसायला लागला तर अजून कुठेतरी उजेड आहे. पिशवीसारखी चेंजिंग बॅग मिळते, ती घेतलीत तर हा खटाटोप वाचतो.

एखादा वाया गेलेला रोल घेऊन रिळावर चढवायचा सराव करा: पाच वेळा उजेडात, पाच वेळा डोळे मिटून. माझा मुंजीचा रोल या कामी आला. पावसाळ्यात प्लास्टिकचं रीळ जरा जरी ओलं असलं तरी फिल्म अर्ध्यात अडकते आणि अंधारात घामाघूम होऊन माणूस तिला ओढतो. हेअर ड्रायरने रीळ आधी खडखडीत वाळवा.

टँकचं झाकण लागलं की दिवा लावा. पुढचं सगळं उजेडात.

१. एचपी-५ प्लससाठी डी-७६ आणि पाणी समसमान. एका रोलला साधारण ३०० मिली पुरतं. तापमान २० अंश, वेळ ११ मिनिटं.

२. ओतल्यावर पहिले दहा सेकंद टँक चार वेळा हळू उलटासुलटा करा, मग दर मिनिटाला तसंच चार वेळा. प्रत्येक वेळी टँक ओट्यावर हलकेच आपटा, बुडबुडे सुटतात.

३. डेव्हलपर ओतून टाका, साध्या पाण्याने अर्धा मिनिट खळबळवा.

४. रॅपिड फिक्सर, एक भागास चार भाग पाणी, पाच मिनिटं. आता झाकण उघडून बघितलं तरी चालतं. कुणीही थांबत नाही, मीही थांबलो नव्हतो.

५. पाणी भरून टँक पाच वेळा उलटा, पाणी टाका. पुन्हा भरून दहा वेळा. पुन्हा भरून वीस वेळा.

खरी अडचण तापमानाची. पुस्तकं थंड देशांत लिहिलेली; आपल्याकडे एप्रिलमध्ये नळाचं पाणी २८-३० अंशांचं येतं. त्या पाण्यात धुतलं तर वेळ इतका कमी करावा लागतो की डेव्हलपर सगळीकडे सारखं लागायच्या आत काढायची वेळ येते आणि पट्टे उमटतात. म्हणून बादलीत बर्फ घालून बाटल्या त्यात उभ्या करा, अर्धा तास आधीपासून. २० वर आणता आलं नाही आणि २४ वर थांबलं, तर ११ ची सुमारे साडेसात-आठ मिनिटं करा. शेवटच्या धुण्याचं पाणीही त्याच बादलीजवळ ठेवा, एकदम गरम पाण्याचा धक्का नको.

शेवटी डिस्टिल्ड पाण्यात वेटिंग एजंटचे (त्याने पाण्याचे डाग राहत नाहीत) दोन थेंब टाकून फिल्म बुडवा आणि मोरीत दोरीला चिमट्याने टांगा, खालीही एक चिमटा वजनाला. पंखा बंद. तासभर आत कुणी जायचं नाही. आमच्याकडे दारावर पाटी लागते. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो तुळशीत किंवा विहिरीजवळ ओतू नका, बाटलीत साठवून फोटो लॅबला घ्याल का विचारा.

वाळल्यावर पट्ट्या कापून कागदी किंवा प्लास्टिकच्या पाकिटात. दमट गावात राहत असाल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. निगेटिव्हला बोट लावायचं ते फक्त कडेला.

स्कॅनसाठी स्कॅनरच हवा असं नाही. पांढऱ्या प्रकाशाच्या पाटीवर निगेटिव्ह सपाट ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने जवळून फोटो काढा आणि संगणकावर काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं करा. टॅब्लेटच्या पडद्यावर ठेवणार असाल तर मध्ये थोडं अंतर सोडा, नाहीतर पडद्याची जाळी फोटोत उतरते. हो, डिजिटल कॅमेराच. मला त्यात काही विसंगती वाटत नाही.

आणि प्रत्येक रोलमधल्या पाच तरी प्रिंट काढा. चार बाय सहा, मॅट. त्यातल्या दोन ज्यांचे फोटो काढलेत त्यांना नेऊन द्या.

माझ्या तिसऱ्या रोलवर एसटी स्टँडसमोरच्या चहावाल्या काकांचा फोटो होता. काढला तेव्हा त्यांनी हात पुढे केला होता, “बघू.” मी कॅमेरा फिरवून पाठ दाखवली. “मागं काय दिसत न्हाय व्हय?” म्हणाले आणि पुन्हा गाळणीकडे वळले. सतरा दिवसांनी प्रिंट घेऊन गेलो. त्यांनी ती ओल्या हाताने धरली, मग सदऱ्याला हात पुसून पुन्हा धरली. बराच वेळ बघितली. मग डब्यातल्या भाताची चार शितं चुरडून कालनिर्णयच्या शेजारी भिंतीवर चिकटवली.

“पुढच्या टायमाला आदी सांगा,” म्हणाले, “दाढी करून बसतो.”